पंचकातली फेरी

आमच्या गाडीत जेमामणी पात्रच्या शेजारी कुणी बसत नसे. तिचं तोंड फाटकं होतं हे खरं, पण कारण ते नव्हतं. तिच्या पायाशी सुकटीचं गाठोडं असायचं. हुम्म्याच्या बाजारातली सुकट ती. गाठोडं डब्यात चढलं की दाराजवळची माणसं आतल्या बाजूला आणि आतली माणसं दाराजवळ सरकायची. मग जेमा एका अख्ख्या बाकावर पाय पसरून बसायची, दातांना मशेरी लावायची आणि म्हणायची, "वास मेल्या माशाचा आहे, बाबूलोक. जिवंत माणसांचा याहून वाईट असतो."

ब्रह्मपूर ते पलासा या पॅसेंजरमध्ये मी चुरमुरे विकतो. गळ्यात डबा, डब्यात कांदा, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप आणि मोहरीच्या तेलाची बाटली. इतकी वर्षं याच गाडीत गेल्यावर कोण काय घेऊन चढतं आणि काय न घेता उतरतं, हे कळतंच. कळलं तरी बोलायचं नाही. फिरत्या धंद्यात ज्याची जीभ लांब त्याचा पाय लवकर मोडतो.

मी तिला मावशी म्हणायचो, सगळा डबाच म्हणायचा. तिला ते आवडत नसे. "तुझे केस बघ आणि माझे बघ," ती म्हणायची. "मी तुझी मावशी, तर तुझी आई काय अशोकाच्या काळातली होती काय रे?" आणि वर माझे चुरमुरे मऊ पडलेत म्हणून दोनदा बदलून घ्यायची.

ती कोळ्याची पोर. ऋषिकुल्या नदी समुद्राला मिळते तिथलं तिचं गाव, आणि लग्न होऊन गेली तीही त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे. नवरा मागावर काम करायला सुरतेला गेला. आमच्या गंजाम जिल्ह्यात मुलगा मोठा झाला की मिशी आणि सुरत एकदमच येतात. दोन वर्षं त्याच्या मनीऑर्डरी आल्या. मग एक गाववाला निरोप घेऊन आला, की त्याने तिकडे दुसरा संसार मांडलाय. जेमाने निरोप ऐकून घेतला, निरोप्याला पाण्यात भिजवलेला पखाळ भात वाढला, आणि तो जेवून उठल्यावर उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. सासू किंचाळली, "अगं, काय करतेस! जिवंत आहे तो!"

"तुमच्यासाठी," जेमा म्हणाली.

ही गोष्ट ती स्वतः सांगायची, आणि दर वेळी हसायची. तिच्या पदरात कैबल्य नावाचा मुलगा होता. त्याला पाठीला बांधून तिने हुम्म्याच्या बाजारात सुकट विकली. तो चालायला लागल्यावर गाठोड्यावर बसवून विकली. पुढे त्यालाही मिशी फुटली आणि तोही सुरतेला गेला. तिने अडवलं नाही. फक्त म्हणाली, "बापाच्या गल्लीतून जाऊ नकोस. गेलास तर मान खाली घालू नकोस."

कैबल्य गेल्यानंतरच्या वर्षी तिला टुना साहूने हेरलं. टुनाचं ब्रह्मपूर स्टेशनसमोर साड्यांचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक दिसत नसे, पण दुकान दर वर्षी एक गाळा वाढायचं. त्याने एकदा या गाडीने प्रवास केला आणि पाहिलं, की एका बाईच्या आजूबाजूला अख्खा डबा रिकामा आहे, आणि रेल्वेचा शिपाईसुद्धा नाकाला रुमाल लावून तिला ओलांडून जातो. आमच्या मागे मोहन्याचे डोंगर आहेत. तिथे काय पिकतं ते सगळ्यांना माहीत आहे. राज्याची हद्द ओलांडून ते पलीकडे न्यायला टुनाला माणसं लागायचीच. त्याला जेमा म्हणजे चालतं कुलूप वाटली असणार.

तेव्हापासून सुकटीच्या खाली दुसरं काहीतरी असायचं. जेमा त्याला गांजा म्हणत नसे, पाला म्हणायची. "पालाच तर आहे. महादेव ओढतो, तर सरकार कशाला रडतं?" पलासाच्या फलाटावर एक माणूस येऊन सुकट विकत घेतल्यासारखं करायचा आणि गाठोडं उचलून न्यायचा. ते पुढे मद्रासला जायचं की आणखी कुठे, तिला माहीत नव्हतं. पलासाच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. परतीच्या गाडीत ती रिकाम्या हातांनी बसायची, आणि तरीही तिच्याजवळ कुणी बसत नसे. वास साडीत मुरलेला होता.

या कामाचा एक नियम होता. माल एका बाकाखाली, आपण दुसऱ्या बाकावर. झडती आलीच, तर "कुणाचं हे?" या प्रश्नाला सगळा डबा "आमचं नाही" म्हणतो, त्यात आपणही म्हणायचं. मग माल बेवारस ठरतो. शिपाई फोटो काढतो, गाठोडं उतरवतो आणि ज्याचं ते असतं तो पुढच्या स्टेशनावर उतरून चहा पितो. शिपायालाही हेच बरं असतं. माणूस पकडला की कोर्टाच्या तारखा आल्या, साक्षी आल्या. बेवारस गाठोड्याला वकील नसतो.

जेमाला मात्र हा नियम कधी लागला नाही. सुकट हाच तिचा नियम. आमच्या गाडीवर अरखित बेहेरा नावाचा शिपाई होता, छत्रपूरकडचा. तो रोज काठीने गाठोड्याला टोचायचा.

"मावशी, यात काय?"

"तुझ्या सासऱ्याचं तेरावं."

"सासरा जिवंत आहे माझा."

"मग घेऊन जा, वास दे. होईल मोकळा."

अरखित हसत पुढे जायचा आणि माझ्याकडून फुकट चुरमुरे खायचा. त्याला माहीत होतं का? मला माहीत होतं, टीसीला माहीत होतं, भजीवालीला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणालाच माहीत नव्हतं.

पण कार्तिकात जेमा निराळी बाई व्हायची. पहाटे नदीत अंघोळ, तुळशीपुढे मुरुजाची रांगोळी, दिवसातून एकदाच हविष्यान्न, म्हणजे साधा भात आणि हळदही नसलेली डाळ. महिनाभर ती सुकट विकायची, पण खायची नाही. आमच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो. तिथपर्यंतचे शेवटचे पाच दिवस, ज्यांना आम्ही पंचक म्हणतो, त्यांत तर ती मासळीला हातही लावत नसे. आमच्याकडे म्हणतात, पंचकात बगळासुद्धा मासा खात नाही. बगळ्याला कुणी जाऊन विचारलंय ते मला माहीत नाही, पण माणसं पाळतात. शिवी नाही, भांडण नाही, खोटं बोलणं नाही. ते पाच दिवस जेमा गाडीलाच येत नसे. डबा कसा सुनासुना वाटायचा, आणि माझे मऊ चुरमुरे कुणीही मुकाट्याने खायचं.

त्या वर्षी कार्तिकाच्या मध्यावर सुरतेहून फोन आला. कैबल्यच्या छातीत पाणी झालं होतं. तो राहायचा त्या मेसमधल्या पोरांनी त्याला सरकारी दवाखान्यात टाकलं होतं आणि श्वास घेताना तो घोड्यासारखा धापा टाकतो, असं त्यातल्या एकाने सांगून टाकलं. आमच्या लोकांना फोनवर बातमी गोड करून सांगता येत नाही.

जेमाने तुळशीपुढे संकल्प सोडला. पंचक असं पाळीन, की त्यात केसाएवढी खोट राहणार नाही. त्याच्या बदल्यात पोराचा श्वास दे. दुसऱ्या दिवशी तिने मला हे सांगितलं. "या पाच दिवसांत मी मासळी शिवले किंवा तोंडातून एक खोटा शब्द गेला, की तिकडे त्याचा श्वास अडकला. समज."

मी म्हणालो, "देव काय सुरतेपर्यंत तार ओढून बसलाय?"

"तू चुरमुरे विक," ती म्हणाली.

आणि नेमका पंचकाच्या पहिल्या दिवशी टुनाने तिला बोलावणं पाठवलं. स्टेशनबाहेर वड्यांच्या गाड्यापाशी ती दोघं उभी होती. मी तिथेच खोबरं कापत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"पंचक संपल्यावर बघू," जेमा म्हणत होती.

"माल पंचक बघून पिकत नाही, मावशी. उद्या पलासाला पोचायलाच हवा. दुसऱ्या दोघी आजारी पडल्यात."

"आजारी नाहीत त्या. हविष्य करतायत."

टुना गोड हसला. साड्या विकणाऱ्यांना हे हसणं जमतं. "हे बघ, सुरतेला माझा साडू मुकादम आहे. उद्याची फेरी कर. साडू स्वतः दवाखान्यात जाईल, डॉक्टरशी बोलेल आणि कैबल्यला सोबत देऊन गाडीत बसवून देईल. पौर्णिमेला नाही, तर दुसऱ्या दिवशी पोरगा तुझ्या दारात."

जेमाने बोटांवर पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजले.

"नेते," ती शेवटी म्हणाली. "पण मासळी शिवणार नाही."

"अगं, मग वरून टाकणार काय?"

"झेंडू टाकीन. पौर्णिमेची फुलं म्हणून."

टुनाचं हसणं गेलं. "मासळी शिवत नाहीस आणि गांजा शिवतेस? हे कुठलं शास्त्र?"

"पाला महादेवाचा आहे. मासळीचा जीव जातो. एवढं कळत नाही आणि दुकान चालवतोस?"

टुनाने मान हलवली आणि तो दुकानाकडे चालू लागला. आमच्या गावांतल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढली ती नेसूची धुवट साडी, कपाळाला चंदन, हातात तुळशीची माळ अशी. झेंडूचं मोठं गाठोडं तिने एका बाकाखाली सरकवलं आणि दोन बाकं सोडून खिडकीशी बसली. लोकांनी थोडा वेळ दुरून अंदाज घेतला आणि मग हळूहळू तिच्या शेजारी, समोर, सगळीकडे माणसं येऊन बसली. एका बाईने तर आपलं तान्हं तिच्या मांडीवर दिलं. जेमा अवघडून बसून राहिली. इतक्या वर्षांत तिला गर्दीत बसायची सवयच उरली नव्हती.

आणि गाडी सुटल्यावर पाल्याचा वास हळूहळू सुटायला लागला. झेंडूने तो झाकेना. सुकटीच्या वासाने लोक नाक धरून लांब जायचे, या वासाने नाक पुढे करून जवळ यायला लागले. त्यात मुखलिंगमला दर्शनाला निघालेला एक बैरागी होता, अंगभर राख फासलेला. इच्छापूरला गाडी थांबली, म्हणजे आपलं राज्य संपून दुसरं सुरू झालं, तसा तो डोळे मिटून खोल श्वास घेत उठला आणि भर डब्यात म्हणाला, "अहाहा! कोण पुण्यवान माणूस महादेवाचा प्रसाद घेऊन चाललाय? चिमूटभर या गरिबाला द्या की!"

नेमका त्याच वेळी दारातून अरखित चढत होता आणि त्याच्या मागे एक नवा साहेब. तेलुगू मुलखातला, पण आमची भाषा समजणारा. साहेबाने बैराग्याकडे पाहिलं, मग हवेत नाक वर केलं आणि वाकून बाकाखालचं गाठोडं ओढलं. झेंडूच्या माळा बाजूला झाल्या. खाली खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेल्या विटा होत्या.

"विचार," साहेब अरखितला म्हणाला.

अरखितने डब्याच्या टोकापासून सुरुवात केली. "कुणाचं हे?"

"आमचं नाही," एक मास्तर म्हणाले. "आम्ही शिकलेली माणसं आहोत."

"माझं असतं तर त्यावर बसले नसते का? ब्रह्मपूरपासून उभी आहे मी," एक बाई म्हणाली.

"मी मागतोय, माझं कसं असेल?" बैरागी म्हणाला.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "माझे फक्त हे चुरमुरे."

"त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे," अरखित म्हणाला, आणि लोक हसले. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. जेमासमोर तो थांबलाच नाही. "बेवारस आहे, साहेब. फोटो काढतो."

"त्या बाईला विचारलं नाहीस."

"सुकटवाली आहे, साहेब. ओळखीची."

"ओळखीची आहे, तर विचारायला लाज कसली?"

अरखित वळला. साहेबाकडे पाठ करून त्याने जेमाला डोळे मोठे करून दाखवले आणि मान हलकेच नकारार्थी हलवली. प्रश्नही असा विचारला, की लहान पोरालाही उत्तर सापडावं. "मावशी, हे तुझं नाही ना?"

जेमाने मांडीवरचं तान्हं त्याच्या आईकडे दिलं. "अरखित, बाबा, आज मला काही विचारू नकोस."

"का?"

"पंचक आहे."

डबा खो खो हसला. बैरागी म्हणाला, "पंचक संपल्यावर विचार तिला!" अरखितचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तो आमच्याच मातीतला, त्याला कळलं. मलाही कळलं, आणि माझं डोकं फिरलं. एक 'नाही' म्हणायचं होतं तिला. किंवा नुसती मान हलवायची होती. हजारदा खोटं बोललेली बाई, अरखितच्या जिवंत सासऱ्याचं तेरावं घालणारी. मी तेलाची बाटली मुद्दाम खाली पाडली. कुणी बघितलंसुद्धा नाही.

साहेब हसला नव्हता. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाई, एका शब्दात सांगा. तुमचं आहे का?"

जेमाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं, सुरत जिकडे असेल असं तिला वाटत होतं तिकडे. तिकडे समुद्र होता, पण तिला कोण सांगणार. माळेचा एक मणी तिने पुढे सरकवला.

"माझं," ती म्हणाली. "झेंडूही माझाच. तेवढा पायदळी तुडवू नका, पौर्णिमेला नदीत सोडायचाय."

मग सगळं भराभर झालं. कुणी दिलं, कुणाला द्यायचं, साहेबाने विचारलं आणि तिने तेही सांगितलं, कारण पंचक अजून संपलं नव्हतं. तिला उतरवताना अरखित माझ्याजवळून गेला आणि दात खात म्हणाला, "हिच्या देवाने हिच्याबरोबर मलाही बांधलं. आता जन्मभर तारखा." त्याचे डोळे मात्र भरले होते. झेंडूचं गाठोडं त्याने स्वतः उचललं होतं.

पलासाच्या पुढे जेमा पहिल्यांदाच गेली ती अशी, विशाखापट्टणमच्या तुरुंगात. टुनाच्या दुकानाला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. त्याचा साडू सुरतेच्या दवाखान्यात गेलाच नाही. असा साडू होता की नाही, हेही कुणाला माहीत नाही.

कैबल्य आला तो मार्गशीर्ष उजाडल्यावर, मेसमधल्या पोरांनी आणला म्हणून. फलाटावर येऊन त्याने मला शोधलं. गालफडं बसलेली, पण श्वास नीट चाललेला. गावाने त्याला सगळं सांगितलं होतं. मी गळ्यातला डबा चहावाल्याकडे ठेवला आणि त्याच्याबरोबर विशाखापट्टणमला गेलो.

भेटीच्या खोलीत मधे दुहेरी जाळी होती. पलीकडे जेमा आली. तिच्या अंगाला सुकटीचा वास नव्हता, हे जाळीतूनही कळत होतं. तिने आधी मला पाहिलं. "चुरमुरे आणलेस? नसतील आणले. इथले तुझ्यापेक्षा कडक असतात." मग पोराकडे वळली. त्याची छाती वर-खाली होताना बघत राहिली.

कैबल्य तिच्यासारखाच, तोंडाने फाटका. तो एकदम सुटला. "एक 'नाही' म्हणता आलं नाही तुला? वकील दहा वर्षं म्हणतोय! दहा! कशासाठी, तर पंचकासाठी?"

"तुझा श्वास—"

"माझा श्वास सुईने पाणी काढल्यामुळे आला, आई! आणि अंड्यांमुळे. डॉक्टर रोज दोन अंडी खायला लावायचा. पंचकात खाल्ली मी. पाचही दिवस. आणि ज्या दिवशी तू त्या गाडीत बसलीस ना, त्या दिवशी पोरांनी मेसमधून माशाचं कालवण आणलं होतं. तेही खाल्लं. वाटी चाटून खाल्ली!"

तो धापा टाकायला लागला होता. मी खाली बघत उभा राहिलो. तिला हे सांगायला नको होतं असं मला वाटलं, आणि पोराचा मला फार राग आला.

जेमा मात्र जराही हलली नाही. उलट तिचा चेहरा उजळला, बाजारात गिऱ्हाईक आपल्या भावावर आलं की उजळायचा तसा.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तू कुठला पाळतोयस. म्हणून तर मला दोघांचं पाळावं लागलं."

कैबल्यने जाळीत बोटं अडकवली, ती काढेना. मागून शिपाईण वेळ संपल्याचं ओरडून सांगत होती.